बाईंचे शनिवार

बाईंना सगळेच बाई म्हणत. कर्णबधिर मुलांच्या शाळेत त्या वीसेक वर्षं शिकवत होत्या. ज्या मुलांना बोलता येई ती तोंडाने ‘बाई’ म्हणत आणि बाकीची हनुवटीवर बोट टेकवत; बाईंच्या हनुवटीवर तीळ होता आणि मुलांनी तीच त्यांची खूण ठरवून टाकली होती. शाळेचा शिपाई, भाजीवाली, रिक्षावाले, झाडून सगळे बाईच म्हणत. चष्म्याचं दुकान चालवणारा नवरासुद्धा गिऱ्हाइकांपुढे ‘आमच्या बाई’ असाच उल्लेख करी. सासूबाईंनी तेवढं ‘सूनबाई’ म्हणून त्यात आपली भर घातली होती.

अशा या बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी परदेशी शिकायला गेल्या. ठरवून गेल्या असं काही म्हणवत नाही. लहान कर्णबधिर मुलांना बोलायला कसं शिकवावं, याचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता, त्याला शिष्यवृत्ती होती, आणि मुख्याध्यापिकांनी ‘मिळायची तर नाहीच, पण शाळेचं नाव तरी कुठे पोचेल’ म्हणून बाईंचा अर्ज पुढे सरकवला होता. ती मिळाली. मिळाल्यावर काय करायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. नवरा म्हणाला, ‘‘जायला हवं आता, नाही का?’’ कॉलेजातली मुलगी म्हणाली, ‘‘आई, विचार कसला करतेस, जा!’’ दहावीतला मुलगा म्हणाला, ‘‘मग माझा डबा?’’ आणि सासूबाई म्हणाल्या, ‘‘जा हो. आम्ही काही उपाशी मरत नाही.’’ ही परवानगी होती की टोमणा, हे विमान उडेपर्यंत बाईंना कळलं नव्हतं. उडाल्यावरही नाही.

वर्गात इंग्रजी चाले, त्यामुळे तिथे निभावलं. रस्त्यावर मात्र तिथली भाषा, आणि ती बाईंच्या कानाला पत्र्यावर वाळू टाकल्यासारखी लागे. वर्गातली सगळी मुलं बाईंच्या मुलीच्या वयाची. त्यांना बाईंचं खरं नाव काही उच्चारता येईना, तेव्हा त्यांनी विचारलं, ‘‘घरी काय म्हणतात?’’ बाईंनी सांगितलं, बाई. झालं. आता तिथे निरोप घेताना जो तो ‘बाय’ म्हणे आणि दरवेळी बाई मागे वळून ‘‘काय रे?’’ म्हणून उभ्या राहत. त्यांच्या मनातून ते शेवटपर्यंत गेलं नाही.

पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्या मॅडमनी प्रत्येकाला उभं करून विचारलं होतं, रिकाम्या वेळात तुम्ही काय करता? कुणी डोंगर चढत होतं, कुणी मातीची भांडी करत होतं, एकजण मधमाश्या पाळत होता. बाईंची पाळी आली. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. रिकामा वेळ म्हणजे नेमका कुठला? शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘कपड्यांना इस्त्री करते.’’ वर्ग खो खो हसला. बाई मोठ्या विनोदी आहेत असं त्या दिवसापासून ठरून गेलं, आणि पुढे त्या गंभीरपणे काही बोलल्या तरी मुलं हसायच्या तयारीत बसत.

पण प्रश्न खराच होता. सोमवार ते शुक्रवार अभ्यास असे. शनिवार उजाडला की बाईंना धस्स होई. घरमालकिणीने वरच्या मजल्यावर दिलेली खोली एवढीशी. ती झाडून, पुसून, पलंगावरची चादर ताणून झाली तरी सकाळ संपायचं नाव घेत नसे. स्वयंपाक करायला घ्यावा तर हाताला सवय पाचजणांची. डाळ शिजायची ती तीन दिवस पुरायची. मग बाई पिशवी घेत आणि बाजारात जात.

बाजारात त्यांचा वेळ मात्र मजेत जाई, म्हणजे जातो असं त्यांना वाटे. मोठमोठी दुकानं, वस्तूंच्या भिंतीच्या भिंती. बाई एकेक वस्तू उचलून, उलटीपालटी करून, चित्रावरून ती कशाची असेल याचा अंदाज बांधत. मऊ रेशमी केसांचं चित्र असलेली एक बाटली त्यांनी आणली आणि तिच्यातल्या शाम्पूने डोकं धुतलं. केस असे झाले की हात लावावासा वाटावा. पुढे वर्गातल्या एका मुलीने ती बाटली पाहिली आणि सांगितलं की हे मांजरांसाठी असतं. बाई ओशाळल्या खऱ्या, पण बाटली संपेपर्यंत वापरली. मांजराला चालतं ते आपल्याला का चालू नये, हे त्यांना कुणी पटवून दिलं नाही.

बाकी खरेदी सगळी घरची. नवऱ्याला पाकीट, मुलीला केसांच्या पिना, मुलाला रंगीत मोजे, सासूबाईंना पाठ शेकायची पिशवी. पलंगाखालची बॅग फुगत चालली होती. बाईंचे स्वतःचे बूट चालून चालून तळव्यातून उघडे पडले, घरमालकिणीने दोनदा बोट दाखवून सांगितलं, तेव्हा बाई बुटांच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलीने काहीतरी विचारलं. बाईंना वाटलं, माप विचारते आहे. आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला आपल्या पायाचं माप माहीत नाही. चपला नवरा आणायचा, नाहीतर मुलीच्या जुन्या व्हायच्या त्या त्या घालायच्या. नवऱ्याचं माप त्यांना तोंडपाठ होतं. त्या नवऱ्यासाठी सपाता घेऊन बाहेर पडल्या.

असाच एक थंडीतला शनिवार. बाजारामागच्या गल्लीत एका लांबलचक विटांच्या इमारतीपुढे रांग लागलेली बाईंना दिसली. रांग दिसली की तिला लागायचं, चौकशी नंतर, हा त्यांच्या आयुष्यभराचा नेम. रांगेच्या पुढल्या टोकाला काहीतरी वाटत असणार, आणि आपला नंबर येईतो ते संपणार, हे ठरलेलं. बाई उभ्या राहिल्या. पुढे बरीच मुलं होती. लसबिस टोचतात की काय? पण मुलं हसत होती, म्हणजे लस नव्हे. स्वेटर देत असतील. विचारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर विचारायची लाजही वाटत होती. एवढ्या मोठ्या बाईने रांगेत उभं राहून ‘ही रांग कशाची’ म्हणून विचारायचं?

खिडकीशी पोचल्यावर आतल्या माणसाने काही म्हटलं. बाईंनी एक बोट वर केलं. चिठ्ठी मिळाली. पुढे दुसरी खिडकी. तिथल्या बुवाने काही विचारलं. आकडा विचारतो आहे एवढं बाईंना कळलं, म्हणून त्यांनी आपल्या घराचा नंबर सांगितला. बुवाने डोळे विस्फारले, अर्ध्या अंगाने बाहेर वाकून बाईंच्या पायांकडे पाहिलं आणि हसत हसत बुटांचा एक जोड पुढे ढकलला.

बूट! बाईंना क्षणभर फार बरं वाटलं. मग त्यांनी जोड उलटा केला. खाली चाकं होती.

त्या परत द्यायला वळल्या तर मागे गर्दी. मागची बाई ठेंगणी, रुंद खांद्यांची, कानावर ओढलेली लाल लोकरी टोपी घातलेली. तिने बाईंचा चेहरा पाहिला, त्यांना दंडाला धरून बाकावर बसवलं आणि खाली वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या करकचून आवळल्या. इतक्या अधिकाराने आवळल्या की बाईंना ती तिथली व्यवस्थापिकाच वाटली. बाईंनी आभार मानले. लाल टोपीवालीने लक्षच दिलं नाही. बाईंनी पुन्हा, जरा मोठ्याने मानले. तरी काही नाही. तेव्हा बाईंनी सवयीने हात छातीशी नेऊन खुणेने आभार मानले, आणि लाल टोपीवालीचा चेहरा एकदम बदलला. तिने हळुवारपणे मान डोलावली, स्वतःच्या छातीशी हात नेला आणि बाईंच्या पाठीवर थोपटलं.

अच्छा, बाई मनात म्हणाल्या. हिला ऐकू येत नाही होय!

वीस वर्षांत त्यांची ही ओळख कधी चुकली नव्हती.

आत हॉलमध्ये गाण्यांचा असा दणका होता की छातीत घुमावं. गुळगुळीत जमिनीवर लहान-थोर पाखरांसारखी गोल गोल भिरभिरत होती. बाईंनी भिंतीच्या कठड्याला मिठी मारली. पुढे पाहतात तो लाल टोपीवालीनेही कठड्याला मिठी मारलेली. व्यवस्थापिका कसली, तिचीही आयुष्यातली पहिलीच वेळ होती! दोघी खेकड्यासारख्या तिरक्या सरकत निघाल्या. वळणावर बाईंचा एक पाय पूर्वेला गेला, एक पश्चिमेला, आणि त्या दाणकन बुडावर आपटल्या.

पडल्याबरोबर त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहिलं तर नाही? पाहायला ओळखीचं होतंच कोण! कुणी थांबलंसुद्धा नाही. लोक बाजूने वळून जात होते, जशी पडलेली बाई ही तिथली नेहमीचीच गोष्ट असावी. बाईंना कुठूनतरी हसू फुटलं. थांबवावं म्हटलं तर थांबेना. लाल टोपीवाली त्यांना उठवायला वाकली आणि तीही शेजारी आपटली.

बाहेर पडल्यावर आपण मजा केली की आपला पोपट झाला, हे बाईंना ठरवता येईना. कंबर ठणकत होती. घरच्यांना फोनवर त्यांनी सांगितलं, ‘‘बाजारात गेले होते.’’

सोमवारी कॉलेजला जाताना बसमध्ये चढल्या तर काचेच्या तावदानापलीकडे बसलेली ड्रायव्हर त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. बाई गोंधळल्या. तिकिटाचं काही चुकलं की काय? ड्रायव्हरने गणवेशाच्या मागे हात नेऊन कंबर चोळली आणि तोंड वेडंवाकडं केलं. टोपी नव्हती म्हणून ओळख पटली नव्हती. लाल टोपीवाली बस चालवत होती!

बाई दिवसभर भारावून गेल्या होत्या. जिला अजिबात ऐकू येत नाही अशी बाई भरगर्दीच्या रस्त्यावर एवढी मोठी बस चालवते! आपण शाळेत मुलींना शिवण शिकवतो, फार तर टंकलेखन. कसं जमत असेल हिला? मागच्या गाडीचा हॉर्न? त्यांना काही उलगडा होईना, आणि जे उलगडत नाही त्याचा आदर करायची त्यांना जुनी सवय.

मग शनिवार ठरूनच गेला. दोघी रांगेत भेटत, एकमेकींच्या नाड्या आवळत, कठड्याने सरकत. लाल टोपीवाली बाईंशी बोलताना ओठ मोठमोठे करून हलवी आणि हातांनी काही विचित्र खुणा करी. त्या खुणांना ना शेंडा ना बुडखा. त्या देशातल्या खुणा वेगळ्या असणार हे बाईंना ठाऊक होतं. त्यांच्या अभ्यासक्रमात कानाची यंत्रं आणि उच्चार एवढंच होतं, खुणांचा विषय नव्हता. पण या खुणा कुठल्याच भाषेच्या वाटत नव्हत्या. बाईंनी निदान केलं: बिचारीला शाळा मिळालेली नाही. घरच्या घरी बनवलेल्या खुणा आहेत. मग त्यांनी तिला शिकवायला घेतलं. ‘हळू.’ ‘थांब.’ ‘पडले.’ ‘पुन्हा.’ लाल टोपीवाली आज्ञाधारकपणे ते सगळं शिकली. मध्येच डोळे पुसायची. शिकायला मिळालं म्हणून, बाईंना वाटलं.

वर्गात मॅडमनी एकदा विचारलं, कर्णबधिर प्रौढ माणसं तुमच्या पाहण्यात आहेत का? बाईंनी अभिमानाने बसवालीची हकीकत सांगितली. वर्ग हसायच्या तयारीत होता, पण मॅडमनी चष्मा काढून हातात घेतला.

‘‘आपल्या शहरात? कोणत्या मार्गावर?’’

बाईंनी मार्ग सांगितला.

‘‘मला हे ठाऊक नव्हतं. मी चौकशी करते,’’ मॅडम म्हणाल्या.

शाळेशी फोनवर चित्रासकट बोलणं झालं तेव्हा बाईंनी तिसरीच्या वर्गालाही ते खुणांनी सांगितलं. मुलांनी टेबलं बडवली. सगळ्यात लहानखुरी म्हणून जिला चिमणी म्हणत, ती मुलगी पुढे आली, तिने दोन्ही हातांनी भलंमोठं स्टिअरिंग फिरवलं आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी चालवणार.

हे सगळं असं छान चाललं असताना तो शनिवार आला. हॉलमधून बाहेर येऊन दोघी पायरीवर कागदी पेल्यातून कॉफी पीत बसल्या होत्या. बाईंचा फोन एरवी मुका असे. त्या दिवशी कसा कोण जाणे, बोलका राहिला होता. तो वाजला. मुलगी होती.

‘‘हॅलो आई, अगं मिक्सरचं लहान भांडं कुठे ठेवलंयस? आजी डोकं खातेय माझं!’’

‘‘ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, मोठ्या पातेल्याच्या आत! आणि जास्त भरू नकोस, उडतं!’’ बाई नेहमीच्या, म्हणजे वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या.

फोन ठेवून पाहतात तो लाल टोपीवाली आ वासून त्यांच्याकडे पाहते आहे. मग ती बोलली. तोंडाने. भरभर, स्वच्छ, जाड आवाजात बोलली. बाईंच्या हातातला पेला कलंडला.

‘‘तुम्हाला ऐकू येतं?’’ बाई मराठीतच म्हणाल्या.

तीही बहुधा तेच विचारत होती. पण तिचा चेहरा लाल होत गेला, टोपीपेक्षा लाल, आणि ती ताडकन उठून चालू लागली. बाईंनी हाक मारली. काय म्हणून हाक मारणार? नावच माहीत नव्हतं. त्यांनी हातांनी ‘थांब’ची खूण केली, पण पाठमोऱ्या माणसाला खूण दिसत नाही.

सोमवारी बसवर दुसराच ड्रायव्हर. मंगळवारी तोच. बुधवारीही तोच. त्यांना एवढंच कळत नव्हतं की रागवायचं तर आपणही रागवायला हवं ना? तिने फसवलं की आपण? की कुणीच नाही? शेवटी त्यांनी घरमालकिणीला इंग्रजीत सगळं सांगितलं. घरमालकीण खुर्चीत बसून ऐकत राहिली, मध्येच ‘थांब, पुन्हा सांग, बहिरं कोण?’ असं तिने तीनदा विचारलं, आणि मग अंगात कोट चढवून म्हणाली, ‘‘चल बसडेपोत.’’

डेपोच्या साहेबाच्या खोलीत लाल टोपीवाली बसलेलीच होती. टोपी मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. साहेबाच्या टेबलावर कॉलेजचा शिक्का असलेलं पत्र होतं. मॅडमनी चौकशी केली होती! ‘आपल्याकडे कर्णबधिर चालक आहेत हे कळून आनंद झाला, अधिक माहिती द्यावी’ असं कौतुकाने लिहिलं होतं. साहेबाने ते वाचून घाबरून हिला गाडीवरून खाली उतरवलं होतं आणि कानाच्या तपासणीला पाठवलं होतं.

बाईंना दे माय धरणी ठाय झालं.

घरमालकीण मध्ये बसली आणि बोलणं सुरू झालं. लाल टोपीवाली तिथल्या भाषेत, घरमालकीण इंग्रजीत, बाई इंग्रजीत, आणि फारच जीव कासावीस झाला की मराठीत.

‘‘ती विचारते, तुला ऐकू येतं तर तू बोलली का नाहीस?’’

‘‘मी बोलले! पहिल्याच दिवशी दोनदा आभार मानले. त्यांनी उत्तर दिलं नाही.’’

घरमालकिणीने ते सांगितलं. लाल टोपीवाली उसळली.

‘‘ती म्हणते, कानात कापूस होता. मोठ्या आवाजाने तिचं डोकं उठतं, म्हणून अशा ठिकाणी ती कापूस घालूनच जाते. वर टोपी. आणि ती म्हणते, तू लगेच हात हलवायला लागलीस, म्हणून तिला तुझी कीव आली.’’

‘‘मला तिची आली!’’ बाई म्हणाल्या. ‘‘मी ते सगळं तिला शिकवत होते.’’

घरमालकिणीने तेही सांगितलं. मग लाल टोपीवाली खाली मान घालून हळू काही म्हणाली.

‘‘ती म्हणते,’’ घरमालकीणही आता हळूच बोलत होती, ‘‘डेपोतल्या एका मेकॅनिकचा भाऊ बहिरा आहे. त्याच्याकडून ती खुणा शिकत होती. जेवणाच्या सुट्टीत. तुझ्याशी बोलता यावं म्हणून.’’

म्हणजे त्या विचित्र खुणा त्या देशातल्या खऱ्याखुऱ्या खुणा होत्या, फक्त कच्च्या, नवशिक्या हातांनी केलेल्या. आणि वीस वर्षं हेच काम केलेल्या बाईंनी त्यांना अडाणी ठरवलं होतं. बाईंना तोंड वर करवेना.

साहेब एवढा वेळ एकीकडून दुसरीकडे पाहत होता. त्याने टेबलावर हात ठेवला आणि कळवळून विचारलं, ‘‘मग बहिरं कोण आहे?’’

‘‘कुणीच नाही,’’ घरमालकीण म्हणाली.

तपासणीत कान उत्तम निघाले होते. बाईंनी साहेबाला आपली चूक स्वतःच्या हाताने लिहून दिली, आणि लाल टोपीवालीची गाडी तिला परत मिळाली. पण निघताना ती बाईंशी काही बोलली नाही. घरमालकिणीला उद्देशून जे बोलली त्याचं घरमालकिणीने भाषांतर केलं नाही. ‘‘कामाला जाते म्हणाली,’’ एवढंच. बाईंना ते वाक्य त्याहून पुष्कळ लांब वाटलं होतं.

चिमणीला खरं सांगणं भाग होतं. फोनच्या पडद्यासमोर बाईंनी ते सांगितलं: बसवाल्या बाईंना ऐकू येतं, माझी चूक झाली. चिमणी विचारात पडली. मग तिने बोटांनी विचारलं, तुला ऐकू येतं, तिला ऐकू येतं, मग दोघी हातांनी का बोलत होता? चिमणीने मागे वळून वर्गाला काहीतरी सांगितलं आणि सगळा वर्ग पोट धरून हसायला लागला. ऐकू येणारी माणसं काय काय करतात, असा काहीसा भाव होता. हसून झाल्यावर तिने पुन्हा स्टिअरिंग फिरवून दाखवलं. चालवू देतील का? बाईंनी खरं ते सांगितलं: मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी जावं की जाऊ नये, यात बाईंची सकाळ गेली. गेल्या. रांगेत पुढे लाल टोपी दिसत होती. ती वळली नाही. बाई आत गेल्या, आपल्या नाड्या आपण बांधल्या, सैल बांधल्या गेल्या, आणि कठडा सोडून चार हात गेल्या नाहीत तोच भुईवर आल्या. समोर एक हात आला. लाल टोपीवाली वाकून उभी होती. तिने कानातला कापूस काढून खिशात टाकला. मग काही म्हणाली. गाण्याच्या दणक्यात काही ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी कळलं नसतं. तेव्हा तिने खूण केली. बाईंनीच शिकवलेली. ‘हळू.’

समेट झाला, पण पहिल्यासारखं झालं असं नाही. आता दोघींना ऐकू येतं हे दोघींना ठाऊक होतं, त्यामुळे हॉलबाहेर हात हलवायला अवघडल्यासारखं होई, आणि बोलावं तर भाषा नव्हती. बहिऱ्या होत्या तेव्हा तास तास गप्पा चालत. कान आले आणि बोलणं खुंटलं. पायरीवर बसून दोघी आपापली कॉफी पीत. अधूनमधून लाल टोपीवाली एखाद्या वस्तूकडे बोट दाखवून तिचं नाव सांगे, बाई तो शब्द म्हणून पाहत. बाईंनी मग मराठी शब्द सांगितला की लाल टोपीवाली ‘ळ’पाशी अडकून पडे. पण हॉलमध्ये, गाणी सुरू असताना, पुन्हा हात चालू होत आणि काय काय बोलणं होई! तिची मुलगी दूर राहते हे बाईंना तिथेच कळलं. नवरा वारला हेही. मेकॅनिकच्या भावालाही एकदा ती घेऊन आली. तो दोघींची खुणांची खिचडी पाहून कपाळाला हात लावून बसला.

परत जायची वेळ आली तेव्हा लाल टोपीवालीने बाईंना बाजारात नेलं. भेट द्यायची होती. लोकरीच्या कपड्यांच्या दुकानात तिने हिरवा स्वेटर उचलला आणि बाईंच्या अंगाला लावून पाहिला. बाईंनी मान डोलावायला सुरुवात केली, आणि मध्येच थांबल्या. त्यांना काहीतरी विचित्र वाटत होतं. त्यांनी स्वेटर लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मग हळूच खुणेने सांगितलं: हिरवा नको.

लाल टोपीवालीने खांदे उडवले आणि दुसरा काढला. करड्या रंगाचा. तोही नको. तिसरा विटकरी. बाई आरशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. हो, हा.

रस्त्याने चालताना बाई एकदम थबकल्या. आपल्याला हिरवा रंग आवडत नाही! मग घरातलं कपाट हिरव्या कपड्यांनी का भरलंय? कधीतरी लग्नानंतर नवऱ्याने पहिल्यांदा हिरवं काही आणलं असेल, आपण छान म्हटलं असेल, आणि तेव्हापासून तो बिचारा मन लावून हिरवंच आणतो आहे. इतकी वर्षं! त्यात त्याचं काय चुकलं? आपलं तरी काय चुकलं? लाल टोपीवाली ‘काय झालं’ म्हणून हातांनी विचारत होती, पण हे सांगायला बाईंना कुठल्याच भाषेतल्या खुणा पुरत नव्हत्या.

बसथांब्यावर दोघींनी एकमेकींना मिठी मारली. ‘‘बाय,’’ ती म्हणाली. ती निरोप घेत होती की नावाने हाक मारत होती, कोण जाणे. बाई दोन्ही समजून ‘‘हो’’ म्हणाल्या.

घरी मोठं स्वागत झालं. मुलगा चक्क उंच झाला होता. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आलीस? वाळलीस,’’ आणि पुढ्यात ताट ठेवलं. बॅग उघडली गेली, पाकीट, पिना, मोजे, शेकायची पिशवी, सगळं ज्याच्या त्याच्या हाती गेलं. नवरा मात्र दारात उभा राहून कशाची तरी वाट पाहत होता. शेवटी त्याच्याच्याने राहवेना.

‘‘अगं, तुझं लक्षच नाही. पडदे बघ की! तू येणार म्हणून नवे शिवून घेतले. सगळ्या खोल्यांना.’’

बाईंनी मान वर केली. खिडक्यांना हिरवेगार पडदे झुळझुळत होते.

‘‘आवडले ना?’’

बाई उठल्या, एका पडद्याची कड बोटात धरून कापड चुरगाळून पाहिलं, पुन्हा सोडलं. नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो आशेने उभा होता. अंगात विटकरी स्वेटर होता आणि त्यात त्यांना इथे चांगलंच उकडत होतं.

‘‘बघू,’’ त्या म्हणाल्या, ‘‘धुतल्यावर रंग कसा राहतो ते.’’